समाजानं वाळीत टाकलं तर? धर्माचा अधिकार कुठे संपतो, कायदा कुठे सुरू होतो, समजून घ्या

घरात मयत झाली आहे. निरोप सगळ्यांना गेला, पण दारात कोणी येत नाही. खांद्याला चार माणसं मिळत नाहीत. कारण काय, तर पोराने समाजाबाहेर लग्न केलं आणि पंचांनी ठरवलेला दंड बापाने भरला नाही.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. रोटी-बेटी बंद, बोलणं बंद, दुकानात उधारी बंद, देवळात मान बंद. जो त्या घराशी बोलेल त्यालाही दंड. हे एकाच जातीत किंवा एकाच धर्मात घडतं असंही नाही. कुठे त्याला जात पंचायत म्हणतात, कुठे गावकी, तर कुठे धर्मगुरूचा आदेश.

मग प्रश्न येतो, सरकारने यात पडावं का? अनेक जण म्हणतात, "हा आमच्या समाजाचा घरचा मामला आहे, पोलिसांचं इथे काय काम?" हा प्रश्न महाराष्ट्रात ७५ वर्षांहून जुना आहे आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

१९४९ चा कायदा आणि १९६२ चा निकाल

तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. समाजातून कोणालाही बहिष्कृत केलं तर तो बहिष्कार बेकायदा आणि करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद होती.

दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी या कायद्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं होतं की धर्माची शिस्त राखायची तर ती मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार धर्मप्रमुखाकडे हवाच. राज्यघटनेचं कलम २६ प्रत्येक धार्मिक पंथाला आपल्या धर्माच्या बाबी स्वतः सांभाळण्याचा हक्क देतं, त्यावर हा दावा उभा होता.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असा निकाल दिला आणि कायदा रद्द झाला. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती होते खुद्द सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि त्याचं माणूस म्हणून जगणं हिरावलं जातं, म्हणून कायदा योग्यच आहे, असं त्यांचं मत होतं.

हा वाद अजून मिटलेला नाही. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून बोहरा समाजातल्याच सुधारणावाद्यांनी १९८६ मध्ये याचिका केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

आता कोणता कायदा लागू आहे?

जात पंचायतींच्या विरोधात महाराष्ट्रात २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी मोहीम उघडली. रायगडसह अनेक जिल्ह्यांतली वाळीत टाकल्याची प्रकरणं पुढे आली. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. १९४९ चा जुना कायदाही याच कायद्याने मोडीत काढला.

या कायद्यानुसार पुढच्या गोष्टी गुन्हा ठरतात:

- समाजातून काढणं किंवा काढण्याची धमकी देणं
- लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यात भाग घेऊ न देणं
- समाजमंदिर, स्मशानभूमी, पाणी यांचा वापर अडवणं
- धंदा, मजुरी, देणं-घेणं तोडायला लावणं
- ठराविक कपडे घालण्याची किंवा ठराविक भाषा बोलण्याची सक्ती करणं

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराला चिथावणी आणि साथ देणाराही सुटत नाही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते.

मग धर्मस्वातंत्र्याचं काय?

इथे गल्लत करू नका. कोणत्या देवाला मानायचं, उपास कधी धरायचा, पूजा किंवा नमाज कशी करायची, यात सरकारने पडू नये. समाजाने नियम करावेत, चुकलेल्याला समजवावं, त्यालाही हरकत नाही. पण एखाद्याने नियम मानला नाही म्हणून त्याचं पाणी, मजुरी, लेकीचं लग्न आणि आईची मयत अडवायची, ही श्रद्धा नाही, ही शिक्षा झाली. आणि शिक्षा देण्याचा अधिकार आपल्या देशात फक्त न्यायालयाला आहे.

दुसऱ्या बाजूची भीतीही खोटी नाही. सरकारच्या हातात असा अधिकार दिला तर उद्या एखाद्या नावडत्या पंथाच्या मागे पोलीस लागू शकतात. म्हणूनच कायद्याने माणूस काय मानतो ते बघू नये, दुसऱ्याचं जगणं कोण अडवतं तेवढंच बघावं. समाजात राहायचं की बाहेर पडायचं, हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. बाहेर पडायचं दारच बंद असेल, तर आत राहणाऱ्याची संमती खरी कशी मानायची?

तक्रार कुठे करायची?

पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरचं कोणीही पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो. मात्र तो जामीनपात्रही आहे, त्यामुळे आरोपी लगेच बाहेर येऊ शकतात, याची तयारी ठेवा. बहिष्कारासाठी पंच जमणार असल्याची माहिती आधी मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, ते अशी बैठक रोखू शकतात.

दंडाची पावती, बैठकीची नोटीस, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा, असं कायदा सांगतो. तडजोड करायची तर ती पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच होते. पंचांनी पारावर बसवून सही घेतली म्हणजे प्रकरण मिटलं, असं नाही.

अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांवर इतर समाजाने बहिष्कार घातला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागू होतो.

खरी अडचण कागदावर नाही. तक्रार करणाऱ्याला त्याच गावात, त्याच आळीत राहायचं असतं, आणि साक्षीला शेजारीच लागतात. म्हणून अशा घराशी एकाने जरी उघडपणे बोलणं चालू ठेवलं, मयतीला एक जरी खांदा पुढे आला, तरी पंचांचा धाक निम्मा कमी होतो. तेवढं करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.