कॉम्प्युटर जोडताय? रॅम घेण्याआधी मदरबोर्ड बघा

देवगाव रंगारी : गावात ऑनलाइन सेंटर टाकायचं असो की पोरांच्या एमएस-सीआयटीसाठी घरी कॉम्प्युटर जोडायचा असो, बजेट ठरलेलं असतं. मका-कापसाचे पैसे आले की त्यातूनच ते निघतं. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले. जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली, तसा माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशिअल' नावाने किरकोळ ग्राहकांना होणारी विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी चुकीची रॅम गळ्यात पडली तर ती बसतही नाही अन् पैसेही अडकतात.

हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी आणि रॅम म्हणजे खळं. कोठी कितीही मोठी असली तरी खळं लहान असेल तर काम तुंबतं. लाईट गेली की खळं रिकामं, म्हणून सेव्ह न केलेला मजकूर जातो.

सेंटरचे फॉर्म, टायपिंग, प्रिंट, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी ८ जीबी पुरते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, पण तेवढ्यावर पाच-सहा टॅब उघडले की मशीन रडतं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे असतील तरच १६ चा विचार करा.

खरी गफलत होते ती प्रकारात. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कोणती घ्यायची हे मदरबोर्ड ठरवतो. नावंही फसवी आहेत. एच ६१ हा जुना बोर्ड, त्याला डीडीआर ३ लागते. एच ६१० हा नवा, आणि तो डीडीआर ४ चा वेगळा, डीडीआर ५ चा वेगळा मिळतो. त्यामुळे फोनवर नुसतं "एकसष्टचा बोर्ड आहे" असं सांगू नका. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव मोबाईलने फोटो काढून दुकानदाराला पाठवा. नाहीतर संभाजीनगरची चक्कर वाया जाते.

ऑनलाइन फारच स्वस्त दिसणाऱ्या रॅमचं वर्णन नीट वाचा. 'सर्व्हर' किंवा 'रजिस्टर्ड' लिहिलेली रॅम साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. 'फक्त एएमडीसाठी' असेल तर इंटेलच्या बोर्डाला उपयोग नाही. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते.

चार-चारच्या दोन पट्ट्या की आठची एक? दोन पट्ट्यांनी वेग थोडा जास्त मिळतो हे खरं. पण बजेटच्या बोर्डावर बहुतेक दोनच स्लॉट असतात. दोन्ही भरले तर पुढे वाढवताना जुनी पट्टी काढावी लागते. त्यापेक्षा आठची एक घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. रंगीत लाईटवाल्या रॅमला जादा पैसे देण्यात काही अर्थ नाही. ३२०० ची रॅम २६६६ च्या बोर्डावर टाकली तरी ती २६६६ नेच पळते.

जुनी रॅम घ्यायला हरकत नाही, तिच्यात फिरणारा भाग नसतो. मात्र दुकानातच कॉम्प्युटरला लावून बघा. विंडोज आणि आर बटण एकत्र दाबून एमडीएससीएचईडी ही अक्षरं इंग्रजीत टाईप करा, मशीन रिस्टार्ट होऊन रॅम तपासते. नवी असेल तर पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

आणि घरी जुनंच मशीन असेल, चालू केल्यावर स्क्रीन काळी राहून नुसतं बीप बीप करत असेल, तर लगेच नवी रॅम आणायला पळू नका. आधी प्लगमधून वायर काढा, पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरने हलके पुसा आणि क्लिपचा टक असा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा.