गणितातील पीएचडी आणि प्रश्नाची निवड

गणितातील पीएचडी म्हणजे एमएस्सीच्या पुढची आणखी एक कठीण परीक्षा, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो, आणि त्यामुळे संशोधक विद्यार्थी चार-पाच वर्षे नेमके काय करतो, हे त्याच्या जवळच्या माणसांनाही सहसा उमगत नाही. एमएस्सीपर्यंत विद्यार्थ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक उदाहरणाचे उत्तर कोणाला तरी ठाऊक असते. पीएचडीसाठी मात्र ज्याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही असा प्रश्न हाती घेऊन त्याचे, निदान त्याच्या एखाद्या भागाचे, सिद्धतेसह उत्तर द्यावे लागते. सिद्धता म्हणजे आधीच मान्य किंवा सिद्ध असलेल्या विधानांपासून तर्काच्या एकेका पायरीने निष्कर्षापर्यंत नेणारी मांडणी. तिच्यातील एक पायरी जरी निसटली, तरी हजारो उदाहरणांत खरे ठरलेले विधानदेखील गणितात सिद्ध मानले जात नाही.

त्यामुळे या पदवीचे यश विद्यार्थ्याच्या बुद्धीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, प्रश्नाच्या निवडीवर अवलंबून असते. प्रश्न अगदीच किरकोळ असेल तर पदवी मिळते पण त्या कामाकडे पुढे कोणी वळून पाहत नाही, आणि आवाक्याबाहेरचा असेल तर उमेदीची वर्षे निघून जातात. हा अंदाज नवख्या विद्यार्थ्याला येणे शक्य नसल्याने मार्गदर्शकाचे, म्हणजे रूढ भाषेत गाईडचे, खरे काम येथे असते. श्रीराम अभ्यंकर यांचा प्रबंध याचे उत्तम उदाहरण ठरावे. 1930 साली उज्जैन येथे जन्मलेले अभ्यंकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि तेथे ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1955 साली पीएचडी मिळवली. त्यांचा विषय बैजिक भूमितीतला, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या आकारांच्या अभ्यासातला होता. ‘य’चा वर्ग बरोबर ‘क्ष’चा घन, या समीकरणाचा वक्र आलेखावर काढला तर आरंभबिंदूपाशी त्याला अणकुचीदार टोक येते, अशा टोकांना किंवा वक्र स्वतःलाच छेदतो त्या ठिकाणांना सिंग्युलर बिंदू म्हणतात. मात्र ‘ट’ ही संख्या एका सरळ रेषेवर फिरवत ‘क्ष’ म्हणजे ‘ट’चा वर्ग आणि ‘य’ म्हणजे ‘ट’चा घन असे घेतले, तर तोच टोकदार वक्र एका गुळगुळीत रेषेची छाया म्हणून मिळतो. प्रत्येक आकारामागे असा गुळगुळीत आकार शोधता येतो का, हा तो प्रश्न. पृष्ठांच्या, म्हणजे द्विमितीय आकारांच्या, बाबतीत झारिस्कींनी त्याचे उत्तर दिले होते, पण ते नेहमीच्या संख्यांपुरते. आठवड्याच्या वारांत सात दिवस मिळवले की पुन्हा तोच वार येतो, तसे ज्या संख्याप्रणालींत एक ही संख्या ठरावीक वेळा मिळवली की शून्य येते, तेथे त्यांच्या पद्धती चालत नव्हत्या. अभ्यंकरांनी पृष्ठांसाठी हा अडसर दूर केला. अशा संख्याप्रणालींत चार आणि त्याहून अधिक मितींमध्ये या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. प्रबंधाचा प्रश्न असा असावा, की त्याचा एक तुकडा सुटला तरी पुढचा रस्ता दिसतो.

भारतातील प्रवेशाची वाट तुलनेने सरळ आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची शिष्यवृत्ती परीक्षा किंवा संस्थेची स्वतःची परीक्षा व मुलाखत यांतून प्रवेश मिळतो. नेटमधून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये असून दोन वर्षांनंतर ती 42,000 होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम, ज्याला सर्वत्र कोर्सवर्क म्हणतात, पूर्ण करावा लागतो आणि पदवीची मुदत तीन ते सहा वर्षांची आहे. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि शेवटी मौखिक परीक्षा होते. प्रबंधाच्या जाडीला गणितात महत्त्व नाही. जॉन नॅश यांचा प्रिन्स्टन येथील 1950 सालचा प्रबंध जेमतेम तीस पानांचा होता.

खरी कसोटी मधल्या वर्षांत लागते. प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगाचीही नोंद राहते, पण गणितात महिनोन्महिने केलेला प्रयत्न फसला तर दाखवायला काहीच उरत नाही, आणि तरीही कोणती वाट बंद आहे हे कळणे हाच त्या कामाचा मोठा भाग असतो, हे घरच्यांनी आणि विद्यापीठांनीही समजून घ्यायला हवे. अशा काळात सोबत लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री 1953 साली संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्यांच्या सहकार्यातून उभे राहिलेले आणि 1965 साली प्रसिद्ध झालेले प्रमेय आज दोघांच्या नावाने ओळखले जाते. फळ्यासमोर एकत्र उभे राहून चर्चा करणारी माणसे ज्या विभागात नाहीत, तेथे हुशार विद्यार्थीही एकाकी पडतो.

महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांची अडचण मात्र याच्याही आधी सुरू होते, कारण उत्तरे पाठ करून चांगले गुण मिळवता येणाऱ्या एमएस्सीनंतर त्यांना अचानक स्वतःच्या सिद्धता रचाव्या लागतात. ही दरी भरून काढण्यासाठी 1993 पासून एमटीटीएस ही प्रशिक्षण शिबिरे चालतात, आणि आयआयटी मुंबई व टाटा संस्था यांच्या संयुक्त राष्ट्रीय गणित केंद्रामार्फत संशोधक विद्यार्थ्यांसाठी देशभर कार्यशाळा भरतात; जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी तेथे आवर्जून पाठवायला हवेत. विद्यार्थ्यानेही नावनोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी संभाव्य मार्गदर्शकाचा एखादा शोधनिबंध वाचावा, त्याच्या विभागातील व्याख्यानांना बसावे, त्याच्याकडे आधी काम केलेल्यांशी बोलावे, आणि ‘मला कोणता प्रश्न देणार?’ हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारावे.