यकृत पर्णकृमींचे तुलनात्मक जीनोमविज्ञान

मानवाच्या यकृतात व पित्तवाहिन्यांत राहणाऱ्या पर्णकृमींच्या आनुवंशिक द्रव्याचे वाचन करून त्यांतील साम्यभेद शोधणाऱ्या अभ्यासाला ही संज्ञा देतात. सजीवाच्या कोशिकेतील (पेशीतील) संपूर्ण आनुवंशिक द्रव्य म्हणजे त्याचा जीनोम. त्याची लांबी डीएनए रेणूतील क्षारकांच्या जोड्यांच्या संख्येने सांगतात. मानवी जीनोममध्ये अशा सु. ३०० कोटी जोड्या असतात.

पर्णकृमी हे पृथुकृमी (चापट कृमी) संघाच्या ट्रिमॅटोडा वर्गातील जीवोपजीवी प्राणी होत. त्यांचे शरीर पानासारखे चपटे असते. आधाराला धरून राहण्यासाठी त्यावर चूषक असतात. यकृतात आढळणाऱ्या जाती बहुतांशी उभयलिंगी असतात. मानवाच्या दृष्टीने महत्त्वाच्या जाती दोन कुलांत मोडतात. क्लोनॉर्किस सायनेन्सिस, ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी व ऑ. फेलिनियस या जाती ऑपिस्थॉर्किडी कुलातील असून फॅसिओला हेपॅटिका व फॅ. जायगँटिका या फॅसिओलिडी कुलातील आहेत. एकाच इंद्रियात राहत असल्या, तरी ही दोन कुले एकमेकांची निकटची आप्त नव्हेत. ‘यकृत पर्णकृमी’ हे नाव नात्यावरून नव्हे, तर निवासावरून पडलेले आहे आणि जीनोमच्या तुलनेतून हेच सर्वांत ठळकपणे दिसून येते.

क्लोनॉर्किसचा शोध भारतात लागला. १८७४ मध्ये कलकत्ता येथील मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका चिनी सुताराच्या शवाची तपासणी करताना जे. एफ. पी. मकॉनेल यांना त्याच्या पित्तवाहिन्यांत हे कृमी आढळले. या कृमीचे मूळ क्षेत्र मात्र चीन, कोरिया, उत्तर व्हिएटनाम व रशियाचा अतिपूर्व भाग हे आहे. ऑ. व्हिव्हेरिनी थायलंड, लाओस, कंबोडिया व दक्षिण व्हिएटनाममध्ये, तर ऑ. फेलिनियस मुख्यतः पश्चिम सायबीरियातील ओब व इर्तिश नद्यांच्या खोऱ्यात आढळतो. भारतात गाई, म्हशी, शेळ्या व मेंढ्या यांत मुख्यतः फॅ. जायगँटिका आढळतो; माणसाला त्याची बाधा क्वचितच झाल्याची नोंद आहे.

दोन्ही कुलांत पहिला मध्यस्थ पोषक म्हणजे गोड्या पाण्यातील गोगलगाय. तिच्या शरीरातून सर्केरिया हे पोहणारे डिंभ बाहेर पडतात. येथून पुढे वाटा वेगळ्या होतात. ऑपिस्थॉर्किडींचे डिंभ कार्पसारख्या माशांच्या स्नायूंत शिरून पुटी तयार करतात आणि मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला, की माणसाच्या लहान आतड्यात पोहोचतात. तेथून पित्तवाहिनीच्या मुखातून ते सरळ वर चढतात. फॅसिओलाचे डिंभ पाणवनस्पतींवर पुटी तयार करतात. अशी वनस्पती पोटात गेल्यावर बाहेर पडलेला कोवळा कृमी आतड्याची भित्ती भेदून उदरपोकळीत येतो, यकृताचे आवरण फोडतो आणि यकृताचे ऊतक खात खात अखेर पित्तवाहिनी गाठतो. एक जण घराच्या दारातून येतो, तर दुसरा भिंत फोडून, असे म्हणता येईल.

क्लोनॉर्किसच्या जीनोमचा पहिला मसुदा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०१४ मध्ये ऑ. व्हिव्हेरिनी (सु. ६३ कोटी जोड्या), २०१५ मध्ये फॅ. हेपॅटिका (सु. १३० कोटी) व २०१९ मध्ये ऑ. फेलिनियस (सु. ६८ कोटी) यांचे जीनोम उपलब्ध झाले. फॅसिओलाचा जीनोम दुपटीइतका मोठा असला, तरी त्यातील जनुके दुप्पट नाहीत. ही वाढ मुख्यतः पुनरावृत्त होणाऱ्या डीएनए खंडांमुळे झालेली आहे. जनुकसंख्येची तुलना मात्र सावधपणे करावी लागते. क्लोनॉर्किसच्या २०११ च्या मसुद्यात १६,२५८ जनुके मोजली गेली होती. २०१३ च्या सुधारित मसुद्यात ती १३,६३४ भरली. कृमी तोच होता, सुधारली होती ती तुकड्यांची जुळणी. त्यामुळे दोन जातींच्या जनुकसंख्येतील लहानसहान फरकांना फारसा अर्थ देऊ नये.

विशिष्ट जनुककुलांची तुलना अधिक उद्बोधक ठरते. जीवोपजीवी चापट कृमींनी क्रमविकासाच्या ओघात वसाम्ले मुळापासून तयार करण्याची क्षमता गमावली आहे. ही द्रव्ये त्यांना पोषकाकडूनच घ्यावी लागतात. पित्तात मेदद्रव्यांची विपुलता असते. त्याला अनुसरून ऑ. व्हिव्हेरिनीत मेदद्रव्ये पकडून वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांची संख्या वाढलेली आढळली. प्रथिनांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांत प्रवेशमार्गातील फरक उमटलेला दिसतो. फॅसिओलात कॅथेप्सिन-एल या एंझाइमाच्या जनुकाच्या अनेक प्रती होऊन त्यांची कामे वाटली गेली आहेत : कोवळ्या कृमीतील प्रकार कोलॅजेन हे कठीण प्रथिन तोडू शकतो, तर प्रौढातील प्रकार मुख्यतः रक्ताच्या पचनास उपयोगी पडतात. भित्ती भेदावी न लागणाऱ्या ऑपिस्थॉर्किडींत विस्तार झाला आहे तो कॅथेप्सिन-एफ या वेगळ्या गटाचा.

औषधोपचारातील एक जुने कोडेही अशा तुलनेतून सुटले. क्लोनॉर्किस व ऑपिस्थॉर्किस यांवर प्राझिक्वांटेल गुणकारी ठरते. फॅसिओलावर ते जवळजवळ निष्प्रभ असल्याने ट्रायक्लाबेंडाझोल द्यावे लागते. प्राझिक्वांटेल कृमीच्या कोशिकापटलातील कॅल्शियम आयनांना वाट देणाऱ्या एका प्रथिनाला चिकटते. या प्रथिनात औषध बसते त्या खोबणीत इतर पर्णकृमींत ॲस्पॅराजीन हे ॲमिनो अम्ल असते, तर फॅसिओलात त्या जागी थ्रिओनीन असते. प्रयोगशाळेत हा एकच घटक बदलल्यावर फॅसिओलाचे प्रथिनही औषधाला प्रतिसाद देऊ लागले.

सर्वांत गंभीर प्रश्न कर्करोगाचा आहे. ईशान्य थायलंडमध्ये ‘कोई पला’ हा लिंबाचा रस व मसाला घातलेल्या कच्च्या माशाचा पदार्थ आवडीने खातात. तेथील पित्तवाहिनीच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑ. व्हिव्हेरिनीला १९९४ मध्ये व क्लोनॉर्किसला २००९ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले, ऑ. फेलिनियसबाबत मात्र १९९४ मध्ये तिला पुरावा अपुरा वाटला. फॅसिओलाचा असा संबंध प्रस्थापित झालेला नाही.

या संदर्भात ग्रॅन्युलिन या प्रथिनाकडे विशेष लक्ष वेधले गेले. मानवी शरीरातील ग्रॅन्युलिन जखम भरताना कोशिकांच्या वाढीला चालना देते. त्याच्याशी साम्य असलेले प्रथिन ऑ. व्हिव्हेरिनी आपल्या स्रावातून सोडतो व त्यामुळे पोषकाच्या कोशिकांचे विभाजन वाढते, असे २००९ मध्ये दिसून आले. २०१९ मध्ये या कृमीतील संबंधित जनुक क्रिस्पर तंत्राने निकामी करून असे कृमी हॅम्स्टरांना देण्यात आले. कृमी पित्तवाहिन्यांत स्थिरावले, पण उद्‌भवलेला विकार सौम्य होता. चूषकांनी भित्तीला होणाऱ्या जखमा कृमीच भरून आणतो, त्यामुळे त्याचा पोषक वर्षानुवर्षे जगतो आणि त्याच वर्षांत कर्करोगाला अवसर मिळतो, अशी यामागील कल्पना आहे.

तथापि ग्रॅन्युलिनसदृश जनुक क्लोनॉर्किसमध्येही आढळते. म्हणजे केवळ एका जनुकाच्या असण्यानसण्याने जातीजातींतील फरक उलगडत नाही. थायलंडमध्ये १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कृमींची बाधा आणि डायमिथिलनायट्रोसामाइन हे रसायन ही दोन्ही एकत्र आली, तेव्हाच हॅम्स्टरांना पित्तवाहिनीचा कर्करोग झाला होता. नायट्रोसामाइने आंबवलेल्या व खारवलेल्या पदार्थांतूनही पोटात जातात. आहार, बाधेची तीव्रता व तिचा कालावधी या गोष्टी कृमीच्या जीनोममध्ये लिहिलेल्या नसतात. म्हणून सायबीरिया व थायलंड येथील रुग्णांच्या नोंदी आणि तेथील कृमींचे जीनोम यांचा अभ्यास आता जोडीने करण्यात येतो.