एन्ट्रॉपी वाढते, ‘म्हणून’ समतोल येतो?

अकोले तालुक्यातल्या थंडीत आमच्या घरी पहाटे बंब पेटतो. समजा, बादलीत २० अंशांचं १० लिटर पाणी आहे आणि त्यावर बंबातलं ८० अंशांचं १० लिटर ओतलं. उष्णता बाहेर जात नाही असं धरू. शेवटी सगळं ५० अंशांवर येणार. हे ऊर्जेच्या अक्षय्यतेतून निघतं का? नाही! वर ८०, खाली २० असंच राहिलं तरी एकूण ऊर्जा तेवढीच. ५०चा निवाडा एन्ट्रॉपी करते: तेवढ्याच ऊर्जेत ती तिथे सर्वाधिक असते. मिसळताना ती सुमारे ३६० ज्यूल प्रति केल्विन वाढते.

माझ्या पहिल्या प्रगती अहवालात मी लिहिलं होतं, ‘एन्ट्रॉपी वाढत जाते, म्हणून प्रणाली समतोलाला पोचते.’ गाईडनी ‘म्हणून’भोवती लाल गोल केला. बरोबरच होतं. वाढणारी संख्या कमाल मूल्याच्या अलीकडेही अडकू शकते.

बोल्ट्झमनने १८७२ मध्ये विरळ वायूसाठी दाखवलं की रेणूंच्या टकरींमुळे एन्ट्रॉपी कमी होत नाही. पण समजा प्रत्येक ठिकाणी वायू आपापल्या तापमानाला स्थिरावलाय, फक्त तापमान जागोजागी वेगळं आहे. अशा क्षणी टकरींतून नवी एन्ट्रॉपी तयार होत नाही, आणि समतोल तर अजून आलेला नाही! सुटका होते ती रेणूंच्या वाहण्यामुळे. नुसतं वाहणं एन्ट्रॉपी वाढवत नाही, पण ते ही स्थानिक शांतता मोडतं आणि टकरींना पुन्हा काम मिळतं.

आता वेग. एन्ट्रॉपी कमाल मूल्यापेक्षा जितकी कमी आहे, तिला ‘तूट’ म्हणू. वाढीचा दर नेहमी तुटीच्या ठरावीक पटीइतका तरी असेल, तर तूट घातांकी वेगाने संपते. पूर्ण बोल्ट्झमन समीकरणात इतकं सरळ जमत नाही. देव्हिलेत आणि व्हिलानी यांनी २००५ मध्ये सिद्ध केलं की उत्तर पुरेसं गुळगुळीत राहिलं, तर समतोलाकडचा प्रवास काळाच्या कुठल्याही ऋण घातापेक्षा जलद होतो. ‘गुळगुळीत राहिलं तर’ ही अट विसरू नका.

आणि कमाल मूल्यच नसेल तर? गुरुत्वाने बांधलेल्या ताऱ्यांच्या समूहात तसं होऊ शकतं. पुढे पुण्याच्या आयुकात आलेल्या थाणू पद्मनाभन यांचा १९९०चा आढावा लेख यावर जरूर वाचा.

तेव्हा ‘म्हणून’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा: कमाल आहे का? वाढ फक्त तिथेच थांबते का? आणि किती वेगाने? मी आता अहवालात हे तीन वेगळे परिच्छेद लिहितो.