‘आयडिया’ आणि ‘कल्पना’

‘आयडिया’ या इंग्रजी शब्दास ‘कल्पना’ हा प्रतिशब्द मराठींत रूढ आहे; परंतु तो सर्वत्र योजणें युक्त नाहीं, असें आम्हांस वाटतें. ‘आयडिया’ मूळचा ग्रीक शब्द. ‘पाहणें’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला असून संस्कृत ‘विद्’ धातु त्याचाच सगोत्र होय. अर्थात् दिसलेलें रूप हा त्याचा मूलार्थ. उलट ‘कल्पना’ ही ‘कॢप्’ धातूपासून झालेली. तींत रचण्याचा, घडविण्याचा भाव आहे. एकांत दर्शन, दुसऱ्यांत निर्मिति.

हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे. प्लेटोच्या मतें ‘आयडिया’ म्हणजे नित्य रूपें. मनुष्याच्या मनावर तीं अवलंबून नाहींत. त्यांस ‘कल्पना’ म्हटलें कीं, त्यानें जें परम सत्य मानिलें तेंच मनःकल्पित ठरतें ! जॉन लॉकच्या १६९० च्या ग्रंथांत मात्र विचार करितांना बुद्धीस जें जें विषय होतें तें सर्व ‘आयडिया’. त्यांत इंद्रियद्वारा आलेलेंहि असल्यामुळें तेथें ‘प्रत्यय’ हा शब्द अधिक जुळतो.

‘कॉम्प्रिहेंड’ची गोष्ट निराळी. लॅटिनमध्यें त्याचा मूलार्थ ‘पकडणें’. आपल्या ‘ग्रहण’ व ‘आकलन’ या शब्दांतहि धरण्याचाच भाव असल्यानें तेथें अनुवाद सहज साधतो.

तात्पर्य, जुन्या भाषांतरांत ‘कल्पना’ आढळल्यास मुळांतील शब्द, ग्रंथकार व काळ पाहिल्यावांचून संशोधकानें निष्कर्ष काढूं नये.