कलिंगावर दोघेही गेले : सम्राट अशोक आणि नागपूरचे रघूजी भोसले

विजयादशमी जवळ आली की 'जगातील सर्वश्रेष्ठ सेनानी कोण?' अशा याद्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. अशोक, शिवराय, नेपोलियन, चंगीझखान एकाच रांगेत. पण हत्तीदळाची तोफखान्याशी तुलना करून हाती काय लागणार? तुलनेला काहीतरी समान धागा हवा. नागपूरच्या तरुणांना तो महालातच सापडतो.

महालात ज्यांची गादी होती ते पहिले रघूजी भोसले गोंड राजघराण्याच्या वारसातंट्यात मध्यस्थ म्हणून आले आणि नागपूरचे धनी झाले. १७४२ पासून त्यांच्या फौजा बंगाल-ओडिशात उतरल्या. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणीसाठी बोलावून ठार केले, तरी मोहिमा थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहाने ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला. शिवाय बंगालची चौथाई, वर्षाला १२ लाख रुपये. ओडिशाचा हा किनारा म्हणजेच अशोकाचा कलिंग.

भूमी एक, पण युद्धाची रीत वेगळी. मौर्यांना कलिंग साम्राज्यात हवा होता. भोसल्यांना आधी चौथाई हवी होती. चपळ घोडदळाचा खर्च मुलूखगिरीतूनच निघायचा, म्हणून गाव लुटणे हा एखाद्या सरदाराचा दुष्टपणा नव्हता, ती त्या फौजेची अर्थव्यवस्थाच होती. सरकारी घोड्यावरचा स्वार तो बारगीर. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला. तिथे आजही मुलांना झोपवताना बर्गींची भीती घालतात. गंगाराम या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराणा'त या स्वाऱ्यांचे अत्याचार नोंदवले. म्हणजे हिशेब लिहिला तो सोसणाऱ्यांच्या बाजूने.

अशोकाच्या बाबतीत उलटे घडले. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकला; दीड लाख माणसे नेली, १ लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली, हे तेराव्या शिलालेखात विजेता स्वतः सांगतो. स्वतःच्या विजयाचा असा जमाखर्च दगडावर कोरणारा दुसरा सेनानी मला तरी ठाऊक नाही.

मात्र आपला म्हणून अशोकाला सूट देऊ नये. त्याने कलिंग परत केला नाही. नेलेल्या दीड लाख माणसांना परत पाठवल्याचा उल्लेख त्या लेखात नाही. अटवीतल्या लोकांना पश्चात्तापाबरोबरच आपल्या सामर्थ्याची जाणीवही त्यातच करून दिली आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तिथे त्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत : सर्व प्रजा माझी लेकरे आहेत, कुणाला विनाकारण कैदेत टाकू नका, अशी तिथल्या अधिकाऱ्यांना दिलेली ताकीद.