एका रात्रीत वाढतो तो डिमेन्शिया नव्हे
विसरणाऱ्यांच्या सोबतीनं : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण रात्रीच्या जागरणाबद्दल बोललो. आज उन्हाळ्याबद्दल बोलू, कारण वऱ्हाडात डिमेन्शियाच्या माणसाची काळजी घेताना उन्हाळा विसरून चालत नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लागू केलं आणि खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलायला लावल्या. धडधाकट माणसाला उन्हात निघू नका म्हणून बजावता येतं. ज्याला ऋतू कोणता, हेच उमगत नाही, त्याच्यासाठी ते भान घरच्यांनाच ठेवावं लागतं.

वय वाढलं की तहान मुळातच कमी लागते. शरीरात पाणी धरून ठेवण्याची मूत्रपिंडांची ताकदही घटते. डिमेन्शियात त्यात भर पडते. घसा कोरडा पडतो, पण त्यावर उपाय पाणी आहे हे सुचत नाही. सुचलं तरी माठापर्यंत पोहोचेस्तोवर निसटून जातं. घरातल्या आबाजींना विचारा, "पाणी पेले का?" उत्तर येतं, "आताच तं पेलो ना मी." ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते खरोखरच पाणी प्यायलेले असतात.

म्हणून विचारायचंच नाही. भरलेला गडवा हातात द्यायचा, शेजारी बसायचं आणि आपणही आपल्या पेल्यातून प्यायचं. समोरचा पितो म्हणून पिणं ही सवय खूप उशिरापर्यंत टिकते. भांडं त्यांच्या ओळखीचं असावं आणि त्याचा रंग पाण्याहून वेगळा दिसावा. पारदर्शक काचेतलं पाणी पुष्कळांना दिसतच नाही. दर तासा-दीड तासाला चार घोट पुरेत. पाणी नको म्हटलं तर ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, टरबुजाच्या बिया काढलेल्या फोडी यांतूनही पाणी पोटात जातं. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. अशा माणसाला ताठ बसवूनच प्यायला द्यावं आणि डॉक्टरांना सांगावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास दिवसाला किती पाणी चालेल, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

भर दुपारी स्वेटर घालून, खिडक्या लावून बसणारी माणसं अनेक घरांत आहेत. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. आंघोळीच्या वेळी स्वेटर नजरेआड करावा आणि त्याच जागी सुती बंडी ठेवावी. कूलरकडे विशेष लक्ष द्यावं. ओल्या हातानं त्याला हात लावू नये, पाणी भरताना बटण बंद करावं, हे नियम आबाजींच्या लक्षात राहणार नाहीत. अर्थिंग तपासून घ्या आणि कूलर त्यांचा हात पोहोचणार नाही असा ठेवा.

आता मुख्य मुद्दा. अल्झायमरसारखा डिमेन्शिया महिन्यांच्या, वर्षांच्या गतीनं वाढतो. काल सुनेला नावानं हाक मारणारा माणूस आज तिला ओळखत नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो, सकाळी बरा आणि दुपारी बेभान असतो, तर तो आजाराचा पुढचा टप्पा असेल असं मानून बसू नका. याला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, नवं औषध, अशी त्याची कारणं असतात. यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत, आणि कारण दूर झालं की माणूस पुष्कळदा सावरतो. मात्र उशीर केला तर जीवावर बेतू शकतं.

आणखी एक रूप हमखास नजरेतून सुटतं. माणूस आरडाओरड करत नाही, उलट गप्प होतो. दिवसभर झोपून राहतो, घास तोंडातच धरून ठेवतो. "आज बुढा शांत हाये" म्हणून घराला हायसं वाटतं. ती शांतताही डेलिरियमची असू शकते.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, सर्दीची किंवा ॲलर्जीची गोळी, झोपेची गोळी, यांपैकी कोणतीही गोंधळ वाढवू शकते. घरात पडलेली झोपेची गोळी आपल्या मनानं देऊ नका, आणि चालू औषधही आपल्या मनानं बंद करू नका. अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतो आहे, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, सावलीत घ्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

देशात साठीपुढच्या शंभर माणसांमागे सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. अशा बहुतेक घरांत खरी काळजी घेते ती बायको, सून किंवा लेक. तिनं "आज हे काहीतरी वेगळेच आहेत" म्हटलं, की घरातले म्हणतात, म्हातारपण आहे, साठी बुद्धी नाठी. डॉक्टरांकडे मात्र डेलिरियम ओळखण्यासाठी एक मान्य प्रश्न आहे, आणि तो घरच्या माणसालाच विचारायचा असतो : यांचा गोंधळ अलीकडे वाढलाय का? त्याचं उत्तर रोज भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या त्या बाईकडे असतं. म्हणून अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये जा, अमरावतीच्या इर्विनमध्ये जा की गावच्या डॉक्टरांकडे, तिला सोबत न्या आणि आधी तिला बोलू द्या. काल काय होतं आणि आज काय बदललं, हे तिच्याइतकं नेमकं कुठलीही तपासणी सांगू शकत नाही.

(पुढच्या आठवड्यात : घराबाहेर निघून जाणारी माणसं)